त्याच नकाशावरचे वेगळे डाव

‘सिव्हिलायझेशन ४’ या गेममधली पहिली टर्न इसवी सनपूर्व ४००० मध्ये सुरू होते. पडद्यावर एक सेटलर, एक वॉरियर आणि त्यांच्याभोवती उजेडात आलेल्या मोजक्या चौकटी असतात. उरलेला नकाशा काळा. ही स्थिती सेव्ह करून तीच फाइल दहा खेळाडूंच्या हाती दिली, तर शंभर टर्ननंतर दहा निरनिराळी राज्ये उभी राहिलेली दिसतात. कुणाची तीन शहरे, कुणाची आठ. कुणी शेजाऱ्याची राजधानी घेतलेली, तर कुणी अजून एकही लढाई न केलेला. जमीन तीच, शेजारी तेच आणि नियमही तेच असताना हा फरक पडतो कशामुळे, आणि त्यात कौशल्याचा वाटा किती, आवडीचा किती, नशिबाचा किती, हा स्ट्रॅटेजी गेम गांभीर्याने खेळणाऱ्यांमध्ये सतत चर्चेत असलेला प्रश्न आहे.

असा प्रश्न संगणकाच्या आधीपासून पत्त्यांच्या टेबलावर होता. डुप्लिकेट ब्रिजमध्ये एकदा वाटलेली पाने डाव संपल्यावर तशीच बोर्डात परत जातात आणि पुढच्या टेबलावर तोच डाव दुसरे खेळाडू खेळतात. गुण मिळतात ते तीच पाने घेऊन इतरांनी काय केले, त्याच्या तुलनेत. हातात चांगली पाने आली होती, ही सबब तिथे चालत नाही. स्ट्रॅटेजी गेममध्ये बोर्डाचे काम सेव्ह फाइल करते. फरक एवढाच, की ब्रिजच्या डावात तेरा दस्त असतात, तर सिव्हिलायझेशनचा नेहमीच्या गतीचा डाव ५०० टर्नपर्यंत लांबू शकतो आणि एकेका टर्नमध्ये दहा-वीस निर्णय असतात. त्यामुळे तुलना अधिक रंजक होते आणि निकाल लावणे तितकेच कठीण.

सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी ही मालिका १९९१ मध्ये मायक्रोप्रोज कंपनीत सुरू केली. चौथा भाग फिरॅक्सिसने २००५ मध्ये काढला. त्याचा प्रमुख रचनाकार सोरेन जॉन्सन. २००७ च्या ‘बियाँड द सोर्ड’ या विस्तारासह तो आजही खेळला जातो. तुलनेसाठी हा भाग विशेष सोयीचा, कारण त्यातले बहुतेक हिशेब छोट्या पूर्णांकांत बसतात आणि कागदावर पडताळता येतात. पुढील विवेचनात उदाहरण म्हणून घेतलेला आरंभ याच गेममधल्या भारताचा आहे, नेता गांधी. गेमच्या नियमांत या नेत्याला दोन गुण दिले आहेत: ‘फिलॉसॉफिकल’, म्हणजे थोर व्यक्ती दुप्पट वेगाने घडतात, आणि ‘स्पिरिच्युअल’, म्हणजे राज्यव्यवस्था बदलताना अराजकाची टर्न वाया जात नाही.

तुलनेची पहिली अट म्हणजे सर्वांची परिस्थिती खरोखर सारखी असणे. नकाशा आणि अवघडपणाची पातळी सारखी ठेवणे सोपे असते. सेटलरपासून डीटीपर्यंत नऊ पातळ्या आहेत आणि डीटीवर संगणकाच्या प्रत्येक राज्याला आरंभीच दोन सेटलर मिळतात, हे पाहिले की वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या डावांची तुलना का करू नये ते कळते. नशिबाचे मात्र तसे नाही. लढाईचा निकाल, जंगली टोळ्या कुठून येतील, सरहद्दीवरच्या खेड्यात सोने मिळेल की नकाशा, हे यादृच्छिक आकड्यांच्या मालिकेवर ठरते. ही मालिका सेव्ह फाइलमध्ये साठवलेली असते. तीच कृती त्याच क्रमाने केली तर निकालही तोच येतो. परंतु एका खेळाडूने आधी वॉरियर हलवला आणि दुसऱ्याने थांबवून ठेवला, तर पुढचे आकडे वेगळ्या घटनांच्या वाट्याला जातात. म्हणजे सारखे नशीब फक्त पहिल्या काही टर्नपुरते. त्यानंतर प्रत्येक डाव स्वतःचे नशीब घेऊन चालतो.

याच्याच पोटात रीलोडचा प्रश्न येतो. लढाई हरली की मागे जायचे आणि क्रम बदलून पुन्हा खेळायचे, ही सवय फार जुनी आहे. गेममध्ये प्रत्येक रीलोडला नवी आकडेमालिका देणारा पर्यायसुद्धा आहे. २०१२ च्या ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’मध्ये उलटी सोय सापडते: ‘आयर्नमॅन’ निवडले की एकच सेव्ह राहते आणि मागे फिरता येत नाही. रीलोड करून जिंकलेला डाव खोटा असतो असे नाही, पण त्यातून उपायाची खरी जोखीम कळत नाही. दहापैकी तीनदा फसणारा हल्ला रीलोड करणाऱ्याच्या टिपणात नेहमी यशस्वीच दिसतो.

आता प्रत्यक्ष डाव. पहिला निर्णय राजधानी कुठे वसवायची हा. नवख्या खेळाडूला तो किरकोळ वाटतो, म्हणून तो जवळून पाहण्यासारखा आहे. साध्या जमिनीवर वसवलेल्या शहराच्या मधल्या चौकटीतून दोन अन्न, एक उत्पादन आणि एक व्यापार मिळतो. कोरड्या मैदानातल्या टेकडीवर तेच शहर वसवले तर उत्पादन दोन होते. पहिला वर्कर ६० उत्पादनाचा. वर्कर तयार होत असताना शहर वाढत नाही आणि उरलेले अन्नही उत्पादनात धरले जाते. शहरातला एकमेव नागरिक दोन अन्न व एक उत्पादन देणाऱ्या जंगलाच्या चौकटीवर कामाला असेल, तर साध्या जागी दर टर्नला चार एकके जमतात आणि वर्करला पंधरा टर्न लागतात. टेकडीवर पाच जमतात आणि बारा टर्नमध्ये काम होते. सेटलरला टेकडीपर्यंत जायला एक टर्न लागली, तरी दोन टर्नचा फायदा उरतो आणि जास्तीचे एक उत्पादन पुढे सगळ्या डावभर मिळत राहते. अनुभवी खेळाडू हे मनातल्या मनात करतात. बाकीचे सेटलर उभा असेल तिथेच शहर वसवतात. मात्र टेकडीवर सरकल्यामुळे एखादे मक्याचे शेत शहराच्या आवाक्याबाहेर गेले, तर सगळा हिशेब उलटतो. त्यामुळे आकडे तोंडपाठ असलेले दोन खेळाडूही इथे वेगळे निर्णय घेताना दिसतात.

दुसरा फाटा संशोधनाचा. गेममधला भारत गूढविद्या आणि खाणकाम ही दोन तंत्रे घेऊन सुरू होतो. गूढविद्या आहे म्हणून काही खेळाडू थेट बौद्ध किंवा हिंदू धर्माच्या शोधामागे लागतात. धर्म आपल्या शहरात स्थापन झाला की पुढे त्यातून उत्पन्न येते आणि धर्मबंधू शेजारी सलोख्याने वागतात. दुसरा गट खाणकामावरून कांस्ययुगाकडे जातो. ब्राँझ वर्किंग मिळाले की तांबे कुठे आहे ते दिसते, जंगल तोडून उत्पादन मिळवता येते आणि गुलामगिरीची व्यवस्था खुली होते. भारताचा वर्कर इतरांपेक्षा एक चौकट जास्त चालतो, त्यामुळे जंगलात शिरलेल्या टर्नमध्येच तोड सुरू करू शकतो. एका जंगलातून आरंभी २० एकके मिळतात, गणिताचा शोध लागल्यावर ३०. वरच्या पातळ्यांवर धर्माची शर्यत बहुधा संगणकच जिंकतो आणि मग धर्मामागे धावलेल्या खेळाडूचा वर्कर शेतीचे तंत्र नसल्यामुळे नुसता बसून राहतो. धर्म मिळालेल्यांचे डाव वाचायला छान असतात, पण अवघड पातळीवर शेती आणि कांस्य हा रुक्ष क्रमच सरस ठरतो.

गुलामगिरीचा वापर हा खेळाडूंना वेगळे पाडणारा सर्वांत ठळक मुद्दा आहे. या व्यवस्थेत शहरातली एक लोकसंख्या खर्ची घालून ३० उत्पादन तात्काळ मिळते. शिक्षा म्हणून दहा टर्न एक नागरिक नाराज राहतो. खेळाडू याला व्हिप म्हणतात. तीन लोकसंख्येच्या शहराला चौथी वाढायला २६ अन्न लागते आणि धान्यकोठार असेल तर त्यातले निम्मे शिल्लक राहते. म्हणजे सुमारे १३ अन्नाचे ३० उत्पादन होते, आणि हा विनिमय दर इतका चांगला आहे की तज्ज्ञ खेळाडूंची शहरे जाणूनबुजून लहान राहतात. नवख्यांना मोठे शहर दिसायला आवडते. ते लोकसंख्या खर्च करायला कचरतात आणि त्यांचे पहिले सेटलर उशिरा निघतात. इथे मतभेदाला फारशी जागा नाही. व्हिप टाळणारा डाव बहुतेक वेळा मागे पडतो.

खरे मतभेद विस्ताराच्या मार्गावर सुरू होतात. एक मार्ग युद्धाचा. तांबे राजधानीजवळ निघाले तर आठ-दहा अ‍ॅक्समन जमवून शेजाऱ्यावर चालून जायचे. अ‍ॅक्समन ३५ उत्पादनाचा आणि ५ बळाचा. समोरचा धनुर्धारी ३ बळाचा, पण शहरात बसला की त्याला ५० टक्के जास्त बळ मिळते आणि टेकडीवर आणखी भर पडते. त्यामुळे प्रत्येक बचावकर्त्यामागे दोन हल्लेखोर गमावण्याची तयारी लागते. यश आले तर शेजाऱ्याची राजधानी, आणि तीही उत्तम जमिनीवरची, आयती मिळते. फसले तर सगळे उत्पादन मातीत गेलेले असते. दुसरा मार्ग शांतपणे शहरे वाढवण्याचा, पण प्रत्येक नव्या शहरागणिक सगळ्या राज्याचा देखभाल खर्च वाढतो आणि राजधानीपासूनच्या अंतराप्रमाणे त्यात आणखी भर पडते. सहा-सात शहरांवर तिजोरी रिकामी होऊन संशोधन थांबलेले डाव पुष्कळ दिसतात. तिसरा मार्ग आश्चर्ये बांधण्याचा: ओरॅकल आधी पूर्ण केले तर एक तंत्र फुकट मिळते आणि ते महागातले महाग घ्यावे अशी धडपड असते.

या तीन मार्गांची तुलना करताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कोणता मार्ग चांगला हे बरेचदा जमिनीनेच ठरवलेले असते. तांबे बारा चौकटी दूर असेल तर युद्धाचा मार्ग नावापुरताच उरतो. संगमरवर जवळ असेल तर ओरॅकल निम्म्या श्रमात होते. म्हणून एका नकाशावर अ‍ॅक्समनने जिंकलेला डाव पाहून तो उपाय दुसऱ्या नकाशावर उचलणाऱ्यांची फसगत होते. उत्तम खेळाडूंचे वेगळेपण मार्गाच्या निवडीत फारसे दिसत नाही. तो मार्ग सोडून देण्याच्या वेळेत दिसते. वीस टर्नमध्ये तांबे हाती लागले नाही की ते विनातक्रार दुसरीकडे वळतात.

अर्थव्यवस्थेबाबतचा वाद सर्वांत गाजलेला: कॉटेज की स्पेशालिस्ट. कॉटेज गवताळ चौकटीवर बांधली तर आरंभी एकच व्यापार देते. दहा टर्न नागरिक तिच्यावर राबला की ती वस्ती होते, आणखी वीस टर्ननी खेडे, त्यानंतर चाळीस टर्ननी गाव. सत्तर टर्ननंतर तीच चौकट चार व्यापार देऊ लागते आणि छपाईचे तंत्र मिळाल्यावर पाच. ही आंब्याची कलमे आहेत. लावली तेव्हा काहीच हाती येत नाही आणि मध्येच शत्रूने तोडली तर सगळी वर्षे गेली. स्पेशालिस्टवाले त्याऐवजी शेते काढतात आणि जादा अन्नावर शहरात शास्त्रज्ञ पोसतात. शास्त्रज्ञ लगेच तीन संशोधन देतो. पिरॅमिड बांधून प्रातिनिधिक राज्यव्यवस्था लवकर घेतली तर सहा. शिवाय प्रत्येक शास्त्रज्ञ दर टर्नला थोर व्यक्तीचे तीन गुण जमवतो.

आकडे मांडून पाहिले तर दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे ठरते. पाणी मिळालेल्या गवताळ शेतातून तीन अन्न येते, त्यातले दोन त्यावरचा नागरिक खातो. म्हणजे एका शास्त्रज्ञाला पोसायला दोन शेते लागतात. प्रातिनिधिक व्यवस्था असेल तर या तीन नागरिकांकडून सहा संशोधन. तेच तीन नागरिक पिकलेल्या गावांवर असते तर बारा व्यापार मिळाला असता, पण ते सत्तर टर्ननी. दरम्यान ग्रंथालयातले दोन शास्त्रज्ञ दर टर्नला सहा गुण जमवून सतरा टर्नमध्ये पहिला थोर शास्त्रज्ञ घडवतात. गांधींच्या फिलॉसॉफिकल गुणामुळे हे काम नऊ टर्नमध्ये होते. त्या शास्त्रज्ञाकडून राजधानीत अकादमी उभारली तर तिथले संशोधन निम्म्याने वाढते, आणि पुढचे थोर शास्त्रज्ञ थेट तत्त्वज्ञान किंवा शिक्षण यांसारख्या तंत्रांवर खर्च करता येतात. स्पिरिच्युअल गुणामुळे व्यवस्था फुकटात बदलता येते, म्हणून काही टर्न गुलामगिरी आणि काही टर्न अमर्याद शास्त्रज्ञ देणारी जातिव्यवस्था असा झोका घेता येतो. या नेत्यासाठी स्पेशालिस्टचा मार्ग जवळजवळ आखूनच दिलेला आहे.

तरीही वरच्या पातळीवरचे डाव शेजारी ठेवले तर शुद्ध कॉटेज किंवा शुद्ध स्पेशालिस्ट असा डाव क्वचितच सापडतो. राजधानीत कॉटेज, एका अन्नसंपन्न शहरात शास्त्रज्ञ आणि उरलेल्या शहरांत व्हिप, अशी मिसळ बहुतेकांची असते. वाद घालणारे आपल्या बाजूचे नाव लावतात, प्रत्यक्ष खेळतात मात्र सारखेच. नावांवरून केलेली वर्गवारी या विषयात फार दिशाभूल करते. शंभराव्या टर्नला शहरे किती, कोठारे किती आणि वर्कर किती, ही माहिती जास्त सांगून जाते.

मध्ययुगाच्या शेवटी बहुतेक डाव एका शर्यतीत एकत्र येतात. लिबरॅलिझमचे तंत्र सर्वांत आधी मिळवणाऱ्याला आणखी एक तंत्र फुकट मिळते. ते कोणते घेतले यावर पुढचा विजय कसा येणार ते ओळखता येते. लष्करी परंपरा गाठून क्यूरॅसियर घोडदळ काढणारा खेळाडू भाले आणि धनुष्यांवर लढणाऱ्या शेजाऱ्यांना फार वेगाने गिळतो. खगोलविद्या घेणारा समुद्रापारच्या व्यापाराकडे जातो. सांस्कृतिक विजय हवा असलेला मात्र इथे संशोधन जवळपास थांबवूनच टाकतो, कारण त्याला तीन शहरांत प्रत्येकी ५०,००० संस्कृती जमवायची असते आणि पैसा तिकडे वळवायचा असतो. अंतराळयानाचा विजय सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत लांब. ज्यांना शेजाऱ्यांशी भांडायचे नाही ते तिकडे जातात आणि बहुधा पोहोचतातही.

मालिकेच्या पाचव्या भागात, २०१० मध्ये, भारताचा नियमच असा घडवला की खेळाडूंचे दोन तट पडावेत. इतर राज्यांत प्रत्येक शहरामागे तीन आणि प्रत्येक नागरिकामागे एक असे असमाधान येते. भारताला शहरामागे सहा, पण नागरिकामागे अर्धेच. हिशेब केला तर सहा लोकसंख्येच्या शहरावर दोन्ही सारखे होतात. त्याखाली भारताचा तोटा, त्यावर फायदा. त्यामुळे राजधानीसह तीन-चार मोठी शहरे उभारून ‘ट्रॅडिशन’चे धोरण घ्यायचे, हा राजमार्ग. काही खेळाडू मुद्दाम ‘लिबर्टी’ घेऊन लहान शहरांचे जाळे पसरवून पाहतात आणि पन्नासाव्या टर्नच्या आसपास असमाधानात अडकतात. नंतरच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ विस्ताराने मध्यम आकाराच्या नकाशावर प्रत्येक वाढीव शहरामागे तंत्रांची किंमत ५ टक्क्यांनी वाढवली, तेव्हा ही वाट आणखी अरुंद झाली. नकाशा सारखा असून पर्याय असमान असले की तुलना निकाल सांगत नाही, फक्त नियमाची दिशा दाखवते.

खेळाडूंची वर्तणूक पाहून रचनाकारांनी नियम बदलल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तिसऱ्या भागात शहरे एकमेकांना खेटून भराभर वसवणे इतके फायद्याचे होते की चौथ्यात देखभालीचा खर्च आला. चौथ्यात एकाच चौकटीत फौजेचा ढीग घेऊन फिरणे सर्रास झाले, म्हणून पाचव्यात एका चौकटीत एकच लढाऊ तुकडी उरली. ‘एक्सकॉम’मध्ये सैनिक एकेक पाऊल पुढे सरकवून बाकीच्यांना टेहळणीवर ठेवणारी सावध पद्धत सर्वत्र पसरली, म्हणून २०१६ च्या ‘एक्सकॉम २’ने बऱ्याच मोहिमांना टर्नची मुदत लावली. त्यावर अनेकांनी ती मुदत काढून टाकणारे मॉड वापरले, हेही लक्षात घ्यावे. जिंकण्याची खात्री मिळत असेल तर खेळाडू कंटाळवाणी पद्धतही आनंदाने पत्करतो, याबद्दल स्वतः जॉन्सन यांनी लिहिले आहे.

सगळ्याच गेममध्ये अशी तुलना जमते असे नाही. १९९९ चा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ पुढच्या दशकात पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत पुष्कळ खेळला गेला. तिथेही लवकर हल्ला, घोडेस्वार की थेट कॅसल एज, असे ठरलेले मार्ग आहेत. पण समोर माणूस असतो आणि तो प्रत्येक वेळी वेगळे उत्तर देतो. सारखी राहते ती फक्त सुरुवात: ५० अन्नाचा एक गावकरी २५ सेकंदांत, आणि टाऊन सेंटर एक क्षणही रिकामे ठेवायचे नाही. याच्या दुसऱ्या टोकाला २०१८ चा ‘इन्टू द ब्रीच’ आहे. आठ बाय आठच्या पटावर शत्रू पुढच्या टर्नला काय करणार ते आधीच दिसते आणि नशिबाला जवळजवळ वाव नसतो. तिथे एकाच स्थितीतून दोन खेळाडूंचे निकाल वेगळे आले, तर तो फरक बुद्धीचाच मानावा लागतो.

निकाल मोजायचा कसा यावर तुलनेची बरीच भिस्त असते. सिव्हिलायझेशन ४ डावाच्या शेवटी गुण देतो आणि ऑगस्टस सीझरपासून डॅन क्वेलपर्यंतच्या यादीत खेळाडूला बसवतो. ते गुण लवकर केलेल्या प्रचंड विजयांना झुकते माप देतात. म्हणून गंभीर तुलनेत विजयाचा प्रकार आधी ठरवून फक्त तारीख पाहतात. त्यातही दोन अडचणी राहतात. हरलेले खेळाडू बहुधा आपला डाव मांडतच नाहीत, त्यामुळे धाडसी उपाय आहेत त्यापेक्षा यशस्वी दिसतात. दुसरे असे, की एकदा नकाशा पाहिलेला खेळाडू दुसऱ्यांदा खेळताना तांबे कुठे आहे हे विसरू शकत नाही. त्याची सुधारलेली तारीख कौशल्याची आहे की आठवणीची, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून ठरावीक टर्नला, उदाहरणार्थ पन्नासाव्या, शंभराव्या आणि दीडशेव्या, डाव थांबवून तोवरच्या टिपणांची देवाणघेवाण करण्याची पद्धत रूढ झाली.

त्याहून चोख कसोटी डाव हातोहात देण्याची. यात एक खेळाडू काही टर्न खेळून तीच फाइल दुसऱ्याला सोपवतो. शंभराव्या टर्नला मागे पडलेले राज्य निष्णात खेळाडूने हाती घेतले, की सुरुवातीच्या चुका किती भरून येतात ते कळते. नोबल किंवा प्रिन्स पातळीवर बहुतेक सगळ्या भरून येतात. इमॉर्टलवर क्वचित, आणि डीटीवर शेजाऱ्यांनी तोवर जमीन व्यापून टाकलेली असल्यामुळे घेणाऱ्यालाही युद्धाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही.